उंबरठा आणि हल्ला: कंप्रेसरच्या दोन नॉबची गोष्ट

आजचा विषय कंप्रेसर. नाही, फ्रिजच्या मागे घुरघुरतो तो नाही, आणि पंक्चरवाल्याकडे हवा भरायला असतो तोही नाही. फाइल छोटी करून एमपी थ्री बनवतात त्यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात, पण त्याचाही आज संबंध नाही. आपण बोलतोय ते आवाजाच्या चढउतारांना लगाम घालणाऱ्या कंप्रेसरबद्दल. रेडिओ, सिनेमाचं गाणं, रील, हा पॉडकास्ट, तुमच्या इअरफोनमधून जे काही कानावर पडतं ते जवळपास सगळं कधी ना कधी या यंत्रातून गेलेलं असतं. आणि त्याच्यावरचे दोन नॉब, थ्रेशोल्ड आणि अटॅक, यूट्यूबवरच्या प्रत्येक ‘घरच्या घरी रेकॉर्डिंग’ व्हिडिओत येतात. ‘अटॅक एवढा ठेवा, थ्रेशोल्ड तेवढा ठेवा’ असं सांगतात. हे नॉब आले कुठून, ते मात्र कोणी सांगत नाही. गंमत म्हणजे बरीच वर्षं ते नव्हतेच.

आधी दोन मिनिटं शब्दांसाठी. सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसलाय असं समजा. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आवाज उंबरठ्याच्या खाली आहे तोवर वॉचमन खुर्चीतून उठत नाही. आवाज वर गेला की तो उठतो आणि दाबतो. किती दाबायचं ते ठरवतो रेशो. 4:1 रेशो असेल तर उंबरठ्याच्या 8 डेसिबल वर गेलेला आवाज फक्त 2 डेसिबल वर राहतो. वॉचमनला खुर्चीतून उठून कामाला लागायला जो वेळ लागतो तो अटॅक, आणि आवाज खाली आल्यावर परत बसायला लागतो तो रिलीज. झालं. आता गोष्ट.

1920 च्या दशकात रेडिओ सुरू झाला तेव्हा वॉचमन खरोखरच माणूस होता. कंट्रोल रूममध्ये एक तंत्रज्ञ नॉबवर हात ठेवून बसायचा. गायकाने आवाज चढवला की नॉब खाली, वक्ता पुटपुटला की वर. हे चोचले नव्हते. मीडियम वेव्हवर आवाज हा रेडिओलहरीच्या उंचीत बसवलेला असतो, आणि त्याला 100 टक्क्यांची हद्द असते. ती ओलांडली की लहर काही क्षण चक्क शून्यावर कापली जाते, ऐकणाऱ्याला खरखर येते आणि तुमचा कचरा शेजारच्या स्टेशनच्या जागेत सांडतो. 23 जुलै 1927 ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तिथेही पदार्थविज्ञान हेच.

आता माणसाची अडचण बघा. आवाज ऐकून हात हलवायला आपल्याला साधारण 150 ते 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे माणूस नावाच्या कंप्रेसरचा अटॅक सेकंदाचा पाचवा हिस्सा. ढोलावर टोला पडून, घुमून, विरायला लागतो तेव्हा कुठे हात नॉब फिरवतो. म्हणून ऑर्केस्ट्राचं थेट प्रक्षेपण असलं की तंत्रज्ञ स्वरलिपी समोर ठेवून बसायचे. पुढच्या ओळीत तुताऱ्या आहेत हे आधीच माहीत असलं तर हात आधीच खाली येतो. भविष्य बघून दाबण्याची ही युक्ती लक्षात ठेवा, ती सत्तर वर्षांनी परत येणार आहे.

रेडिओपेक्षा जास्त पैसा अडकला होता टेलिफोनमध्ये. 7 जानेवारी 1927 ला न्यूयॉर्क ते लंडन टेलिफोन सुरू झाला, आणि तो समुद्राखालच्या तारेतून नव्हे, रेडिओलहरींवरून. तीन मिनिटांना 75 डॉलर. एवढे पैसे मोजणारा माणूस कधी ओरडून बोलणार, कधी कुजबुजणार, आणि कुजबुज अटलांटिकवरच्या खरखरीत बुडणार. इथेही ऑपरेटर प्रत्येक कॉलवर हाताने पातळी सांभाळत बसायचे. मग बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी एक यंत्र बनवलं, 1934 मध्ये मॅथेस आणि राइट या दोघांनी त्यावर लेख लिहिला. नाव कंपँडर. पाठवताना आवाजाचे चढउतार दाबायचे, म्हणजे हळू शब्दही खरखरीच्या वर राहतात. आणि पलीकडे पोचल्यावर ते परत ताणून मूळचे करायचे.

या यंत्रात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा वेग. किती चपळ असावं हा प्रश्न त्यांच्यासमोर आला आणि त्यांनी उत्तर शोधलं ते बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात. यंत्राने अक्षरागणिक हलावं, म्हणजे एका अक्षराच्या लयीत. लहरीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर नाही आणि अख्ख्या वाक्याच्या सरासरीवरही नाही. आजही टेलिफोनच्या दुनियेत या जातीला ‘सिलॅबिक’ म्हणतात.

लहरीबरोबर का नाही? कारण 100 हर्ट्झचा आवाज, म्हणजे साधारण खर्जातला पुरुषी आवाज, त्याचं एक आवर्तन 10 मिलिसेकंदांचं असतं. वॉचमन त्याहून बराच चपळ असेल आणि तितक्याच झटपट बसतही असेल, तर तो एकाच आवर्तनात उठेल, दाबेल, बसेल. मग तो आवाज कमी-जास्त करत नाही, लहरीचा आकारच बदलतो. म्हणजे आवाज फाटतो. दाबायचं तर होतं, पण दाबण्यासाठी वेळ घ्यावाच लागतो. अटॅक नावाची गोष्ट जन्माला आली ती या नाइलाजातून.

यंत्राच्या आत हा वेळ येतो कुठून? एका मडक्यातून. म्हणजे कपॅसिटरमधून. आलेल्या आवाजातून थोडी वीज बाजूला काढतात, तिला एका दिशेची करतात आणि ती कपॅसिटरमध्ये साठवतात. मडकं जसं भरतं तसा दाब वाढतो. नळाची तोटी म्हणजे रेझिस्टर. तोटी मोठी असेल तर मडकं पटकन भरतं, हा अटॅक. खाली एक बारीक भोक आहे, त्यातून ते रिकामं होतं, हा रिलीज. 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की काळ येतो 1 मिलिसेकंद. गुणाकार केला की उत्तर. आजच्या मोबाइलच्या ॲपमधला अटॅकचा स्लायडर आतून याच मडक्याचं गणित करत असतो.

1937 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकने रेडिओ स्टेशनांसाठी 110ए नावाचा प्रोग्रॅम अॅम्प्लिफायर आणला, आरसीएचंही यंत्र त्याच सुमारास आलं. स्टेशनमालकाला यात रस का होता? शिखरं कापली की बाकीचा आवाज वर उचलता येतो. सरासरी 3 डेसिबल वर गेली म्हणजे ट्रान्समीटरची ताकद दुप्पट केल्यासारखं, नवीन ट्रान्समीटर न घेता. आता या यंत्रांत मडक्याची तोटी कारखान्यातच सोल्डर करून बसवलेली असायची. वॉचमनला सांगितलेलं काम एकच: हद्द ओलांडू द्यायची नाही. बरं, चपळपणाची किंमतही होती. व्हॅक्यूम ट्यूबची ताकद एकदम बदलली की स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. म्हणून ट्यूब जोडीने, एकमेकींच्या उलट्या बसवायच्या, म्हणजे एकीचा धप्प दुसरीने खोडायचा. जोडी नीट जुळलेली नसली की धप्प परत. वेगवान अटॅक ही तेव्हा खर्चिक चैन होती.

ती चैन कुठवर गेली ते बघायचं तर राइन नार्माकडे जावं लागेल. हा मूळचा एस्टोनियाचा, महायुद्धानंतर अमेरिकेत आलेला. गिटारवाला लेस पॉल याच्यासाठी मिक्सर बनवणारा. त्याने 1959 च्या सुमारास एक लिमिटर बनवला, शर्मन फेअरचाइल्डच्या कंपनीने तो विकायला घेतला. एका चॅनलचा 660 आणि स्टीरिओचा 670. या 670 मध्ये 20 व्हॅक्यूम ट्यूब, वजन 30 किलोच्या आसपास. बांधला होता रेकॉर्डच्या तबकड्या कोरण्यासाठी. 1958 पासून स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या होत्या, आणि त्यांच्या खाचेत आडव्या हालचालीबरोबर उभी हालचालही असते. उभा झटका मोठा बसला तर घरातल्या ग्रामोफोनची सुई खाचेतून उडते. म्हणून अटॅक हवा होता विजेसारखा: 0.2 मिलिसेकंद. आणि इथे पहिल्यांदा आपल्याला ओळखीचं काहीतरी दिसतं. पुढच्या बाजूला सहा खाचांचा एक स्विच होता, ‘टाइम कॉन्स्टंट’ नावाचा. अटॅक आणि रिलीज वेगवेगळे नाहीत, जोडीने. अटॅक 0.2 ते 0.8 मिलिसेकंद, रिलीज 0.3 सेकंदापासून थेट 25 सेकंदांपर्यंत. राइसप्लेटसारखं: भाजी वेगळी मिळणार नाही, सहापैकी एक थाळी निवडा.

त्याच काळात कॅलिफोर्नियात जिम लॉरेन्स उलट्या दिशेने गेला. तो रेडिओत तंत्रज्ञ होता, नॉबवर हात ठेवून बसण्याचा त्याला कंटाळा आला होता. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरचं काम त्याने आधी केलेलं. त्याने काय केलं, आवाजाने एक छोटा दिवा पेटवला. म्हणजे वीज मिळाली की उजळणारी पातळ पट्टी. समोर कॅडमियम सल्फाइडचा रेझिस्टर, ज्यावर प्रकाश पडला की त्याचा विरोध घटतो. मोठा आवाज, जास्त उजेड, जास्त दाब. टेलेट्रॉनिक्स एलए-2ए. यात अटॅक सरासरी 10 मिलिसेकंद, आणि तो कोणी ठरवला? कोणी नाही. त्या पदार्थाला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो म्हणून. सोडताना तर आणखी मजा. अर्धा दाब सुमारे 60 मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला सावकाश, 1 ते 15 सेकंदांत. आधी किती उजेड पडला होता ते त्या पदार्थाला जणू आठवत राहतं. या यंत्रावर कामाचे नॉब दोनच: किती दाबायचं आणि नंतर किती उचलायचं. अटॅक नाही, रेशो नाही, थ्रेशोल्ड या नावाचंही काही नाही. गाणाऱ्यांच्या आवाजावर आजही लोक याचीच नक्कल वापरतात, आणि माझ्या मते त्याचं कारण हा आळशी, विसरभोळा नसलेला दिवाच आहे.

इथवर सगळे जण अटॅकचा विचार एकाच दिशेने करत होते: जितका लवकर तितका चांगला, न जमल्यास इलाज नाही. उलट विचार करायचा तर आवाजाची सुरुवात म्हणजे काय, ते आधी कळायला हवं होतं. ते काम झालं पॅरिसच्या रेडिओत. 1948 मध्ये पिएर शेफर याने घंटेचा टोल रेकॉर्ड केला आणि वाजवताना पहिला ठोका गाळला, फक्त मागचा नाद ठेवला. ऐकू काय आलं? घंटा नाहीच. ओबोसारखं फुंकून वाजवायचं वाद्य. तबल्याचं उदाहरण घ्या. ‘ना’ वाजला की पहिल्या काही मिलिसेकंदांत बोट चाटेवर आपटतं, मग सूर घुमतो. तो आघात पुसला तर उरलेला सूर तबल्याचा आहे की आणखी कशाचा, हे सांगणं अवघड जाईल. वाद्याची ओळख सुरुवातीत असते. आणि अटॅकचा नॉब नेमका त्या सुरुवातीशी खेळतो.

6 एप्रिल 1966. लंडन, ईएमआयचा स्टुडिओ, आपण ज्याला अॅबी रोड म्हणून ओळखतो. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्याचं रेकॉर्डिंग. इंजिनिअर जेफ एमरिक, वय वर्षं 20. त्याने रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमच्या आत लोकरी स्वेटर कोंबला, माइक जवळ आणला आणि सगळा ड्रमचा आवाज फेअरचाइल्ड 660 मध्ये अक्षरशः ढकलला. सुई उडू नये म्हणून बनवलेलं यंत्र, त्याला त्याने इतकं राबवलं की ते धापा टाकायला लागलं. टोला पडला की सगळं दाबलं जातं, मग वॉचमन खुर्चीत बसता बसता झांजांचा आवाज लाटेसारखा वर येतो, तेवढ्यात पुढचा टोला. यंत्र चुकीचं वागत होतं आणि ते ऐकायला भारी वाटत होतं. संरक्षणाचं साधन इथे वाद्य झालं.

पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, बिल पटनमने 1176 आणला. आधी शिकागोत आणि मग हॉलीवूडमध्ये स्टुडिओ चालवणारा माणूस, त्यामुळे त्याला माहीत होतं की इंजिनिअरला हात चालवायला काहीतरी लागतं. ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरच्या जातीतला एफईटी, आणि अटॅकला स्वतःचा स्वतंत्र नॉब. 20 मायक्रोसेकंदांपासून 800 मायक्रोसेकंदांपर्यंत. लक्षात घ्या, मायक्रो. त्याचा ‘सर्वात सावकाश’ अटॅकही 1 मिलिसेकंदाच्या आत आहे. आणखी एक खोडी: नॉब उलटा आहे. उजवीकडे फिरवला की वेगवान. नवीन पोरं आजही इथे हमखास फसतात.

पण या 1176 वर थ्रेशोल्डचा नॉब शोधा. सापडणार नाही. उंबरठा आत पक्का बसवलेला आहे. तुम्ही फिरवता तो ‘इनपुट’, म्हणजे उंबरठा खाली आणायच्या ऐवजी माणसांनाच स्टुलावर उभं करायचं. आणि मग 1976 मध्ये डेव्हिड ब्लॅकमरच्या कंपनीचा डीबीएक्स 160 आला, तर त्यावर थ्रेशोल्डचा नॉब आहे, अटॅकचा नाही! एकाकडे उंबरठा नाही, दुसऱ्याकडे हल्ला नाही. हा विसरभोळेपणा नव्हता. पटनमचं यंत्र आवाज बाहेर पडताना मोजतं, म्हणजे स्वतःच केलेलं काम बघून पुढचं ठरवतं. अशा यंत्रात पक्का उंबरठा सोयीचा पडतो. ब्लॅकमरचं यंत्र आवाज आत येतानाच मोजतं, आणि शिखर न बघता आवाजातली सरासरी ऊर्जा बघतं, जशी काहीशी आपल्या कानाची पद्धत आहे. त्याचं म्हणणं असं की झटका मोठा असेल तर यंत्र आपोआप लवकर धावेल, छोटा असेल तर सावकाश; तुम्ही कशाला लुडबुड करता? याला म्हणायचं तर अहंकार म्हणा, पण ड्रमवर 160 ऐकलात तर राग जातो.

दोन्ही नॉब शेजारी शेजारी असलेली यंत्रं तोवर आली होतीच, पण जगभरच्या मोठ्या स्टुडिओंत ती सवय लावली सॉलिड स्टेट लॉजिकच्या मिक्सिंग कन्सोलने, 1970 च्या दशकाच्या शेवटापासून. त्याच्या मधोमध बसलेल्या कंप्रेसरवर थ्रेशोल्ड आहे आणि अटॅकच्या खाचा आहेत: 0.1 पासून 30 मिलिसेकंदांपर्यंत. आता 30 मिलिसेकंद म्हणजे जुन्या रेडिओवाल्याच्या दृष्टीने वॉचमन झोपलाय. पण शेफरची घंटा आठवा. ड्रमचा ठोका पहिल्या 10-20 मिलिसेकंदांत येऊन जातो. वॉचमन उशिरा उठला तर ठोका सहीसलामत सुटतो आणि दाबला जातो तो मागचा घुमारा. ठोका आणि घुमारा यातलं अंतर वाढतं. म्हणजे कंप्रेसर लावल्यावर ड्रम जास्त टणक, जास्त अंगावर येणारा वाटतो. चढउतार कमी करायला बनवलेल्या यंत्राने चढ वाढवला. 1937 मधल्या कोणाला हे सांगितलं असतं तर त्याने यंत्र दुरुस्तीला पाठवलं असतं.

मग संगणक आला आणि स्वरलिपी समोर ठेवून बसलेला तो तंत्रज्ञ परत आला. 1994 मध्ये वेव्हज कंपनीचा एल1 नावाचा लिमिटर निघाला. डिजिटलमध्ये आवाज थोडा अडवून ठेवता येतो. मोजणी आधी, आवाज नंतर. म्हणजे शिखर येण्याआधीच वॉचमन गेटवर उभा. अटॅकच्या नाइलाजातून सुटका! आणि सुटका झाल्याबरोबर लोकांनी काय केलं, तर उंबरठा खाली, अजून खाली, अजून खाली. प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्यापेक्षा मोठी वाजायला हवी. 2008 मध्ये मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर चाहत्यांनीच बोंब मारली, कारण तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी चिरडलेली होती आणि फरक सगळ्यांना ऐकू येत होता. त्यात भर म्हणजे 2006 मध्येच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला किती मोठं वाटतं ते मोजायची पद्धत ठरवली होती, आणि 2010 मध्ये युरोपच्या प्रसारकांनी त्यावरून नियम केला. आज पॉडकास्टसाठी ॲपल -16 एलयूएफएसच्या आसपास राहा म्हणतं. तुम्ही कितीही चिरडा, यूट्यूब, स्पॉटिफाय सगळे तुम्हाला एका रांगेत आणून उभे करतात. चिरडून मिळत काहीच नाही, जातं मात्र बरंच.

काय जातं, ते आपल्या भाषेत बघू. बोलताना स्वर मोठे असतात आणि बरीचशी व्यंजनं लहान. ‘आठ’ म्हणा. ‘आ’ दणदणीत, मग क्षणभर शांतता, मग ‘ठ’चा छोटा स्फोट आणि त्यामागचा श्वास. ‘आट’ आणि ‘आठ’ यांत फरक करतो तो एवढासा श्वास. आता कंप्रेसरने ‘आ’ दाबला आणि रिलीज फार सावकाश ठेवला तर ‘ठ’ येतो तेव्हा वॉचमन अजून उभाच, तो श्वासही चिरडला जातो. रिलीज फार झटपट ठेवला तर मधल्या शांततेत पंखा, रिक्षा, सोसायटीतला कुत्रा सगळे वर येतात. अटॅक अगदी शून्याजवळ नेला तर ‘क’, ‘प’, ‘ट’ या अक्षरांची धार जाते, बोलणारा तोंडात बोळा घेऊन बोलल्यासारखा वाटतो. अल्पप्राण-महाप्राण असं जोडीने बोलणाऱ्या आपल्यासारख्या भाषेत हे जरा जास्तच महाग पडतं. मॅथेस आणि राइट यांना अक्षराच्या लयीचा जो प्रश्न 1934 मध्ये पडला, तो मराठी पॉडकास्टवाल्याला रोज पडायला हवा.

पडतो का? बऱ्याच रेकॉर्डिंग ॲपमध्ये आता एकच बटण असतं, ‘आवाज सुधारा’ अशा अर्थाचं काहीतरी. दाबलं की झालं. आत थ्रेशोल्ड किती, अटॅक किती, दिसत नाही. तोटी परत कारखान्यात सोल्डर झाली. बटण वाईट असतं असं नाही, पण एकदा ते बंद करून ‘आठ, आट, पाट, पाठ’ एवढं बोला आणि मग चालू करून तेच ऐका. आमच्याकडे बोलण्यावर रेशो 3:1, अटॅक 10 मिलिसेकंदांच्या आसपास, रिलीज 100 ते 150 च्या मध्ये, आणि थ्रेशोल्ड असा की नेहमीच्या बोलण्यावर काटा 4-5 डेसिबलच हलावा. हा आकडा कॉपी करू नका, तुमचा गळा वेगळा आहे.

एवढं सगळं करून फाइल तुमच्याकडे येते आणि तुम्ही ती इअरफोनशिवाय, मोबाइलच्या स्पीकरवर लावता. त्या नखाएवढ्या स्पीकरचा पडदा फार पुढेमागे हलला किंवा तापला तर कायमचा जातो. म्हणून आजच्या बहुतेक फोनमध्ये त्याच्या मागे एक लिमिटर बसलेला असतो, पडद्याची हालचाल आणि तापमान यांच्यावर नजर ठेवून. त्याचा उंबरठाही कारखान्यात ठरलेला, अटॅकही. नॉब नाही. काम एकच: हद्द ओलांडू द्यायची नाही.